कुंकू झालं त्याचं

गेल्या गुरुवारी एका पंगतीत माझ्या सदऱ्यावर आमटी उडाली. फार नाही. भात कालवताना बोटावरून एक थेंब निसटला आणि खिशाच्या जरा वर जुन्या चार आण्याएवढा पिवळा ठिपका बसला. सदरा पांढरा, खादीचा, दुसऱ्यांदाच अंगात घातलेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मीठ लावा." समोरून कुणी सुचवलं, "दही चोळा." मी कुणाचंच ऐकलं नाही. उठलो, बेसिनवरची साबणाची वडी घेतली आणि ठिपका खसाखसा घासला. शिकला-सवरलेला माणूस दुसरं काय करणार?

ठिपका गेला नाही. लाल झाला, आणि पसरून रुपयाएवढा झाला. बाहेर आलो तर वाढणारा मुलगा घाबरून म्हणाला, "काका, कुठं लागलं?"

घरी येऊन आईला फोन लावला. आई गावी, थोरल्या भावाकडे असते. पंच्याऐंशी उलटली, पण आपलं धुणं अजून आपणच धुते. मशीनवर तिचा विश्वास नाही.

"अगं, आमटीचा डाग लाल झालाय."

"साबण लावलास?"

"हो."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मग कुंकू झालं त्याचं. लिंबू पिळून बघ."

लिंबाची फोड फिरवली. तांबडा ठिपका डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला. मला शाळेतला प्रयोग आठवला: हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल. निरीक्षण, अनुमान, सगळं वहीत नीट लिहिलं होतं. साबण हाही क्षारी पदार्थ, एवढंसुद्धा त्या वहीत असणार. पण तो कागद आणि अंगातला सदरा यांची गाठ डोक्यात कधी पडलीच नव्हती. आईला 'अल्कली' हा शब्द माहीत नाही. तिला कुंकू माहीत आहे. पारंपरिक कुंकू हळदीचंच; हळद क्षाराच्या संगतीला आली की तांबडी होते, चुना म्हणा की टाकणखार म्हणा. सोलापूर जिल्ह्यातल्या केमचं कुंकू गावोगाव जातं, ते याच गुणावर. बेसिनपाशी मी नकळत तोच कारखाना काढून बसलो होतो.

आईनं पुढं सांगितलं ते असं: घासू नकोस. आधी भांड्याच्या पातळ साबणानं तेल काढ. मग धू आणि ओलाच उन्हात टाक. "आणि वर कपड्याची पावडर लावत बसू नकोस."

या चार वाक्यांतलं मर्म लक्षात यायला मला दोन दिवस लागले. आमटीचा डाग दिसायला एक, पण आहेत दोन. हळद पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळते. म्हणजे फोडणीनं तिला आधीच गाडीत बसवून दिलेलं असतं. तेल धाग्यात मुरतं आणि हळदीला सोबत नेतं. म्हणून पहिल्यांदा तेलाची वाट लावायची. त्यासाठी भांड्यांचा पातळ साबण बरा, कारण धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, तसा तो फारसा क्षारी नसतो. तेल गेल्यावर जी हळद उरते तिच्यासाठी साबण हा इलाजच नव्हे. तिच्यातल्या ज्या द्रव्यामुळे ती पिवळी दिसते, त्या कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. उन्हात ते तुटतं आणि रंग विटतो. खिडकीत ठेवलेल्या काचेच्या बरणीतली हळद कडेनं फिकी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तेच ऊन सदऱ्यावर पडू द्यायचं, एवढंच.

हे ऐकून वाटलं, डागानं माझं काय नुकसान केलं त्याहून जास्त माझ्या हातानं केलं. डाग दिसला की हात आधी पळतो. साबण, गरम पाणी, ब्रश, इस्त्री, जे सापडेल ते. डाग कशाचा आहे हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतो, आणि तोवर डागाचं उत्तर बदललेलं असतं.

बायकोची तीन वर्षांपूर्वी बदली झाली आणि घरचं धुणं माझ्याकडे आलं. तोवर कपडे आपोआप स्वच्छ होतात अशी माझी समजूत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही. पहिल्याच महिन्यात विळीनं बोट कापलं, पंचानं दाबून धरलं आणि रक्त थांबल्यावर पंचा चांगल्या कढत पाण्यात भिजत टाकला. जंतू मरतील असा हिशोब. रक्ताचा डाग तपकिरी होऊन असा बसला की तो पंचा आता फरशीला आहे. सुट्टीला बायको आणि मेहुणी दोघी आल्या तेव्हा मी हे कौतुकानं सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बायको म्हणाली, "रक्ताला गार पाणी. अंडं उकडल्यावर काय होतं?" अंडं उकडल्यावर घट्ट होतं. रक्तातली प्रथिनंही गरम पाण्यात तशीच थिजतात आणि धाग्याला धरून बसतात. गार पाणी, थोडं मीठ, आणि डाग ओला असतानाच.

त्या एकमेकींकडे पाहण्यात काय होतं ते नंतर उमगलं. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. बाराव्या-तेराव्या वर्षी, घरात कुणी उठायच्या आत, मोरीत गार पाण्याच्या तांब्यानं शिकलेलं होतं. एवढी रोजच्या उपयोगाची गोष्ट, आणि घरातल्या निम्म्या माणसांना ती पन्नाशीपर्यंत कळत नाही, कारण ती मोठ्यानं बोलायची नाही असं ठरलेलं. मला या गोष्टीचा पंचाच्या डागापेक्षा जास्त संकोच वाटला.

चहाचं निराळंच. बिनदुधाच्या चहाच्या डागावर वरून उकळतं पाणी ओतावं असा एक उपाय सांगतात, आणि कोऱ्या चहाला तो लागूही पडतो. पण आपला चहा दुधाचा. दूध म्हटलं की पुन्हा प्रथिनं आली, म्हणजे आधी गार पाणी, मग बाकीचं. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट लागतं, अलीकडे घरोघरी असलेलं हात चोळायचं सॅनिटायझरही चालतं. मात्र खाली जुनं फडकं ठेवायचं, नाहीतर शाई पुढच्या भागातून निघून पाठीला लागते. वाळत घालायच्या तारेचा गंज लागला तर लिंबू-मीठ लावून उन्हात. गंजावर ब्लीच ओतलं की तो आणखी पक्का होतो. आणि ब्लीच आणि लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो, तो श्वासात जाणं धोक्याचं. कपडा गेला तर गेला.

काही डाग मात्र जात नाहीत. केळीचा चीक त्यातला. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, कुणी लक्ष देत नाही. हवेनं काळा पडतो आणि सदऱ्याबरोबरच संपतो. कोकणातली माणसं केळीचा घड उतरवायला जाताना जुना कपडा घालतात ते उगीच नाही. दुसरा बिब्बा. एखाद्याच्या कामात खोडा घातला तर आपण 'बिब्बा घातला' म्हणतो, कारण बिब्ब्याचं तेल कातडीवर पडलं तर उततं आणि कापडावर पडलं तर निघत नाही. पण याच अवगुणावर आमच्या परटांचा संसार चालला. पन्नास घरांचं धुणं एकत्र घाटावर जायचं आणि प्रत्येक घराची खूण, एक रेघ, दोन टिंबं, फुली, बिब्ब्यात चुना मिसळून कपड्याच्या कोपऱ्यात आत घातलेली असायची. इंग्रजांनी तर बिब्ब्याला नावच 'खूण करायचं फळ' असं दिलं. आजोबांच्या ट्रंकेत एक धोतर आहे, जीर्ण झालेलं. त्याच्या कोपऱ्यातली तीन टिंबं अजून काळीभोर आहेत. धोतर विरलं, पत्ता राहिला.

आता आटण्याबद्दल. याविषयी माझी तक्रार होती ती मी मागे घेतली आहे.

मी एक सुती पायजमा शिवून घेतला, एकदा धुतला, आणि तो घोट्याच्या वर चार बोटं गेला. कमरेला होता तेवढाच. मला वाटलं शिंप्यानं कापड मारलं. भांडायला गेलो. दुकानात तेव्हा एक बाई ब्लाउज टाकायला आल्या होत्या. शिंप्यानं त्यांना अस्तर परत केलं आणि म्हणाला, "ताई, रात्रभर भिजवून, वाळवून आणा. नाहीतर ब्लाउज राहील आणि अस्तर आखडेल, मग मलाच बोलाल." माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं कापड कोरंच आणलं होतं ना, सर?"

कोरं होतं. कोरं कापड हा शब्द मी आयुष्यभर नव्या अर्थानं वापरत आलो. शिंपी तो पाणी न पाहिलेलं या अर्थानं वापरतो. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात. त्यांना आपण ताणाच म्हणतो, आणि आडवे ते बाणा. ताण्याला विणताना, रंगवताना, गुंडाळताना सतत ओढ असते आणि कापड त्या ओढलेल्या अवस्थेतच दुकानात येतं, त्याच अवस्थेत मीटरवर मोजून विकलं जातं. पहिल्यांदा पाणी लागतं तेव्हा सुताचा धागा फुगतो, ओढ सुटते आणि कापड आपल्या खऱ्या लांबीवर येतं. पायजम्याची उंची ताण्याच्या अंगानं बेतलेली असते, म्हणून तो उंचीला गेला, घेराला नाही. म्हणजे धुतल्यावर कापडाचं काही बिघडलंच नव्हतं. दुकानात होतं ते माप खोटं होतं.

सॅनफोर्ड क्लूएट नावाच्या अमेरिकन माणसानं यावर उपाय काढला आणि 1930 साली त्याचं पेटंट घेतलं. कापड ओलसर करून यंत्रानं लांबीला आधीच आखडून टाकायचं, म्हणजे घरी आखडायला काही उरत नाही. त्याच्याच नावावरून सॅन्फोराइज्ड हा शब्द आला. पूर्वी गिरणीच्या शर्टिंगच्या काठावर हा शिक्का दिसे आणि दुकानदार तो ग्राहकाला बोटानं दाखवी. आता लोक तयार कपडे घेतात, काठ कुणाला दिसत नाही. पण खादीच्या, हातमागाच्या कापडाला हे यंत्र लागलेलं नसतं. तिथं अजून बादली आणि एक रात्र हाच उपाय. साडीचा फॉलसुद्धा भिजवूनच लावायचा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर साडीच्या कडेला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत.

शिंप्याशी भांडण झालं नाही. पायजमा मी घरात वापरतो. पाहुणे आले की बदलतो.

लोकरीचं दुःख मात्र खरं आहे. आत्यानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर माझ्याकडे होता, राखी रंगाचा, पुढं वेलबुट्टी. आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. तो मी मशीनमध्ये टाकला, गरम पाण्याचं बटण दाबून. बाहेर आला तो सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा आणि हाताला गोणपाटासारखा. लोकरीच्या केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात घुसळलं की ते उघडतात, एकमेकांत अडकतात आणि सरकत सरकत घट्ट होत जातात. काश्मिरात नमदा बनवतात तो नेमका याच रीतीनं, साबणाच्या पाण्यानं लोकर लाटून. त्यांना हवा असतो म्हणून करतात. सुताचं आटणं म्हणजे सुटणं होतं. लोकरीचं हे गुंतणं आहे, आणि यातून परत येता येत नाही. केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ओढा, असं मला तिघांनी सांगितलं. होजिअरीच्या बनियनला त्यानं थोडाफार फरक पडतो. नमदा झालेल्या स्वेटरला काही होत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "रिठ्याचं पाणी, गार, आणि पिळायचं नाही, दाबायचं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं: "टाकू नकोस तो." टाकला नाही. आता त्यावर फुलपात्र ठेवतो.

रंग जाण्याबद्दल थोडक्यात. नवी लाल ओढणी, सोबत दोन पांढरे बनियन, निकाल गुलाबी. मीठ-व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, ही समजूत घरोघरी आहे. मी तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा पाणी तितकंच लाल निघालं. रंग पक्का व्हायचा तो रंगाऱ्याच्या हौदात होतो. तिथं जो धाग्याला चिकटला नाही, तो धुऊन काढण्यावाचून मार्ग नाही. आता मी नव्या कपड्याची आतली शिवण ओल्या पांढऱ्या रुमालानं दाबून बघतो. रुमाल रंगला तर तो कपडा चार-पाच वेळा एकटा धुतो. आणि चुकून दुसऱ्याला रंग लागलाच तर तो कपडा वाळू द्यायचा नाही. ओला आहे तोवर आशा आहे.

हे सगळं करता करता एक गमतीची गोष्ट कळली. पांढरा कपडा शुभ्र दिसावा म्हणून आई नीळ घालायची. नीळ मळ काढत नाही. कपडा पिवळट झालेला असतो, त्यावर किंचित निळा रंग चढवला की डोळा फसतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. आजच्या पावडरीतली द्रव्यं तेच करतात, फक्त उन्हातला न दिसणारा किरण घेऊन निळसर उजेड परत देतात. माझी मुलगी म्हणाली, "म्हणजे परीटघडीचे बाबा खरे निळे!" मी वाद घातला नाही.

आमच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाले बसतात. सदरा धुऊन मी शनिवारी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो झटकला, उजेडाकडे धरला, खिशाच्या वरच्या भागावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हळद आहे अजून. इस्त्री फिरवू? फिरवली की बसेल ती." मी म्हणालो, नको. त्यांनी सदरा घडी करून परत दिला. पाच रुपयांचं गिऱ्हाईक घालवलं, पण प्रश्न विचारला. माझं मशीन साडेतेवीस हजारांचं आहे आणि त्यानं मला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.

सध्या आषाढ. कडक ऊन असं नाहीच. सदरा पाच दिवस गॅलरीतल्या दोरीवर आहे. सर आली की आत घेतो, थांबली की ओंजळभर पाणी मारून पुन्हा बाहेर. ढगातून येतो तो उजेडही हळदीला पुरतो, वेळ लागतो एवढंच. काल पिवळा अगदी पुसट झाला होता. आज सकाळी पाहिलं तर दिसला नाही. कडेला तेलाची एक फिकी गोल रेघ राहिली आहे, ती माझ्या घासण्याची. तुमच्या अंगावर आमटी उडाली, तर साबण उचलण्याआधी खिडकीबाहेर बघा, उजेड आहे का.